दहावीचा सेंडऑफ, प्रॉम आणि मधलं सगळं : सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतून हे प्रश्न यायला लागतात. विचारणारी बहुतेक नववीची मुलं असतात, कारण दहावीच्या निरोपाचा कार्यक्रम त्यांच्या गळ्यात असतो. मग वर्गशिक्षक, आणि तारीख जवळ आली की पालक. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. बारावीला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही यातलं बरंचसं चालतं, फरक असेल तिथे तसं लिहिलंय. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, क्रमांक दिलाय तिथे जाऊन बघा.

१. प्रॉम म्हणजे नक्की काय असतं? आपला सेंडऑफ आणि ते एकच का?

प्रॉम ही अमेरिकेतल्या हायस्कूलची प्रथा. शाळेच्या शेवटच्या एक-दोन वर्षांतल्या मुलांसाठी, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीच्या दरम्यान, संध्याकाळी नाचगाण्याचा आणि जेवणाचा थाटाचा कार्यक्रम असतो. तिकीट असतं. मुली लांब गाऊन घालतात, मुलगे सूट, मनगटाला फुलांचा छोटा गुच्छ बांधतात, आणि मतदान घेऊन किंग-क्वीन निवडतात. नियोजन मुलांची समिती करते, त्यासाठी गाड्या धुऊन नाही तर घरचे केक विकून पैसे उभे करते. भाषणं जवळपास नसतातच.

तिथल्या अनेक शाळांत पुढच्या वर्षी पास होणारा वर्ग यंदाच्या शेवटच्या वर्गासाठी प्रॉम करतो. म्हणजे नववीने दहावीला निरोप द्यायचा, हे आपलंच. खरा फरक वेळेचा. तिकडची मुलं नाचतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. आपल्याकडे सेंडऑफनंतर बोर्डाचा पेपर असतो, आणि हॉलमधल्या प्रत्येक आईच्या डोक्यात तोच चालू असतो. लांबलचक तयारी, रोजची प्रॅक्टिस, रात्री उशिरापर्यंत डान्स हे आपल्याकडे बसत नाही ते यामुळे. संस्कृतीचा मुद्दा लोक उगाच पुढे करतात.

२. तारीख कोणती धरावी?

दहावीसाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा. पूर्वी फेब्रुवारीचा मध्य चालायचा, कारण दहावीची लेखी परीक्षा मार्चात असायची. २०२४ मध्ये ती १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच झाली. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. तेव्हा पूर्वपरीक्षा संपणं आणि प्रात्यक्षिकं सुरू होणं यांच्या मधली फट शोधायची. कोल्हापूर विभागीय मंडळाचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय हॉलला ॲडव्हान्स देऊ नका.

बारावीची फट आणखी अरुंद. २०२५ मध्ये त्यांची लेखी ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि प्रात्यक्षिकं जानेवारीतच. ज्युनिअर कॉलेजांनी संक्रांतीच्या आसपास उरकावं, तिळगूळही त्यातच होतो.

एक सोय सांगतो. २६ जानेवारीला शाळेत मांडव, खुर्च्या, माइक आलेलेच असतात. मांडववाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो २७ ला सामान उचलत नाही आणि नेण्या-आणण्याचं भाडं एकदाच पडतं. लग्नाचा मोठा मुहूर्त असेल तर मात्र त्याला खुर्च्या दुसरीकडे न्यायच्या असतात, म्हणून तारीख ठरवताना पंचांगही बघा.

३. कार्यक्रम किती वाजता? आमच्या पोरांना संध्याकाळचं लाइटिंग पाहिजे.

घड्याळ बघण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. तुमच्या दहावीत म्हैसाळ, बेडग, आरग, नांद्रे, कवलापूर, कसबे डिग्रज अशा गावांतून येणारी मुलं किती, आणि त्यांची सोयीची शेवटची गाडी कितीची, हे आधी कागदावर लिहा. मुक्कामी एसटी रात्री असते, पण पंधरा वर्षांच्या मुलीने साडी नेसून तिची वाट बघत स्टँडवर बसायचं हे कुठल्याही बापाला चालणार नाही. मग ती मुलगी येत नाही. किंवा येते आणि फिशपाँड (दहावीच्या मुलांवर लिहिलेल्या निनावी थट्टेच्या चिठ्ठ्या, म्हणजेच शेलापागोटे) सुरू व्हायच्या आधी उठून जाते.

माझ्या मते सगळं नियोजन या एका मुलीवरून मागे मोजत यावं. तिची साडेपाचची गाडी असेल तर जेवण साडेचारला संपलं पाहिजे, म्हणजे कार्यक्रम दीडला सुरू. आभार आणि पसायदान ती हॉलमध्ये असतानाच व्हायला हवं. लाइटिंगची हौस असेल तर हॉलचे पडदे ओढा, दुपारीही अंधार होतो.

जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने चालू असतात, हेही ध्यानात ठेवा. अंधार पडल्यावर उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली लावून रस्त्याने चाललेले असतात, पुष्कळांना मागे रिफ्लेक्टर नसतो. मुलांना रात्री दुचाकीवर घरी पाठवायचं नाही, त्याचं हे एवढं कारण पुरे. (दुचाकीबद्दल आणखी प्रश्न १७.)

एसटीचा पास घर ते शाळा या मार्गाचा असतो. हॉल दुसऱ्या टोकाला घेतला तर मुलांना तिकीट काढावं लागेल, तो खर्च धरा.

४. त्यापेक्षा परीक्षा झाल्यावर मार्चमध्येच प्रॉमसारखं केलं तर?

चांगली कल्पना आहे आणि फार कमी शाळा करतात. जानेवारीत साधा, दोन-अडीच तासांचा सेंडऑफ आणि परीक्षेनंतर मोकळा कार्यक्रम, असे दोन भाग पाडले तर दोन्हींना न्याय मिळतो.

अडचण अशी की शेवटचा पेपर सुटला की मुलं पांगतात. कुणी मामाच्या गावाला, कुणी बेदाण्याच्या शेडवर कामाला, कुणी अकरावीच्या क्लासला. म्हणून आठवड्याने ठेवू नका. शेवटच्या मोठ्या पेपरच्या दुसऱ्या दिवशीच ठेवा, आणि तारीख जानेवारीतल्या सेंडऑफलाच जाहीर करा. तेव्हा नववीची परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे या वेळी यजमानपण दहावीनेच घ्यायचं. दुपारचं ऊन तापलेलं असतं, सकाळी नऊला सुरू करा.

५. शाळेतच करावं की हॉल घ्यावा?

शाळेत. पटांगण किंवा सभागृह असेल तर दुसरा विचार नको. भाडं वाचतं, मुलांना वाट माहीत असते, आणि निरोप ज्या इमारतीचा घ्यायचा ती समोर असते.

सभागृह नसलेल्या शहरातल्या शाळा विष्णुदास भावे नाट्यमंदिर किंवा मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह विचारतात. ज्या सांगलीत १८४३ साली भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तिथल्या पोरांना खऱ्या रंगमंचावर उभं राहायची हौस असणारच. नाटिका, नाट्यछटा, गाणी असा भरगच्च कार्यक्रम असेल तर नाट्यगृह शोभतं. पण तिथे खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात. गोल करून बसणं, नाचणं, पंगत यातलं काही होत नाही आणि जेवण बाहेर काढावं लागतं. शंभर-सव्वाशे मुलांसाठी एवढी मोठी जागा रिकामी-रिकामी वाटते, तेही आहेच.

मंगल कार्यालय तिसरा पर्याय. घेतलंत तर दुपारच्या सत्राचं भाडं वेगळं मागा आणि वीज, सफाई, जनरेटर यांचे पैसे भाड्यात आहेत की वरून, हे पावतीवर लिहून घ्या.

६. वर्गणी किती काढावी?

आकडा शेवटी काढा, आधी खर्च लिहा. एक हिशोब मांडून दाखवतो, दर तुमच्या गावचे घाला. नववीची १०० मुलं, दहावीची ११०, शिक्षक-शिपाई मिळून २५, म्हणजे खाणारी तोंडं २३५. नाश्ता माणशी ४० रुपये धरला तर ९,४०० झाले. नववीने डोई १५० दिले तर जमा १५,०००. राहिले ५,६००, त्यात माइक-बॉक्स, फुलं, पेनं आणि वरखर्च. शाळेत केलं तर यात बसतं. हॉल घेतला की हा हिशोब लगेच मोडतो, म्हणून प्रश्न ५ आधी वाचा.

दहावीकडून सेंडऑफची वर्गणी घेऊ नये. ते पाहुणे आहेत. त्यांचे पैसे शाळेला भेट द्यायला लागतात (प्रश्न २०).

७. ज्यांना वर्गणी जमत नाही त्यांचं काय? नाव वर्गात वाचू का?

नाव वाचायचं नाही आणि फळ्यावर तर मुळीच लिहायचं नाही. पैसे एका शिक्षकाकडे, बंद पाकिटात, ज्याला जेवढे जमतील तेवढे. यादी त्या शिक्षकाच्या वहीत राहते. तूट आली तर शिक्षक आणि माजी विद्यार्थी भरून काढतात, दरवर्षी काढतातच. पैशांऐवजी कामही चालतं. ज्याच्या घरी फुलांची शेती आहे तो फुलं आणतो, ज्याचा चुलता साऊंडवाला आहे तो भाडं कमी करून आणतो. फक्त हे सगळ्यांना खुलं ठेवा, गरिबांसाठी वेगळी सोय असं त्याला रूप आलं की कुणी हात वर करत नाही.

८. खायला काय ठेवावं?

पावभाजी, पुलाव-मठ्ठा, जिलेबी हे नेहमीचं. दुपारचा कार्यक्रम असेल तर पूर्ण जेवणाची गरजच नाही. भडंग, एक गोड, एक फळ आणि चहा किंवा मठ्ठा. सांगलीत बसून बाहेरून वेफर्सची पाकिटं आणणं मला तरी पटत नाही. फेब्रुवारीच्या तोंडावर तासगावकडची द्राक्षं यायला लागलेली असतात, कुणा पालकाची बाग असेल तर क्रेटच मागवा.

आता पथ्यं. आपल्या जिल्ह्यात जैन कुटुंबं भरपूर आहेत. कांदा, लसूण, बटाटा नको एवढं आचाऱ्याला सगळे सांगतात, पण भडंगात लसूण असतो हे विसरतात. बिनलसणाचं वेगळं पातेलं करायला सांगा आणि त्याला वेगळा डाव ठेवा, नाही तर वाढणारा एकच डाव दोन्हीकडे घालतो. सूर्यास्तानंतर न खाणारी मुलं, शिक्षक असतील तर जानेवारीअखेर साडेसहाच्या आत ताटं उठली पाहिजेत. दुपारचा कार्यक्रम असला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

गुरुवार-शनिवारचे उपवास, संकष्टी, एकादशी हे कॅलेंडरात बघा आणि थोडी खिचडी किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवा. रमजान आता फेब्रुवारीत येतोय, २०२७ मध्ये तो महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. रोजे चालू असताना तारीख आली तर खाणं बांधून द्यायची सोय करा. "तू नको खाऊ, नुसता बस" हा उपाय नव्हे.

थर्माकोलची ताटं, प्लॅस्टिकचे ग्लास बंद आहेत, राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून. पत्रावळी-द्रोण घ्या किंवा मांडववाल्याकडून स्टीलची ताटं भाड्याने.

९. कपड्यांचा काही नियम करावा का? मुली साड्या म्हणतायत, मुलगे ब्लेझर.

सक्ती नको आणि एकाच रंगाची थीम तर नकोच. "सगळ्यांनी काळा" ठरलं की ज्याच्याकडे काळा नाही तो विकत घेतो किंवा येत नाही. "आपल्याकडचं सगळ्यात आवडतं" एवढंच सांगा. आईची साडी, भावाचा सदरा, मामाच्या लग्नातला फेटा, सगळं छान दिसतं. ब्लेझर भाड्याने मिळतात, पण शेजारच्या दादाचा मागून बघा, तो त्याने एकदाच घातलेला असतो.

साडीचं म्हणाल, तर बहुतेक मुली त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चार-पाच तास साडीत असतात. पदर खांद्यावर टोचलेला असतो, पण निऱ्या टोचलेल्या नसतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जायच्या जिन्यात दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर काठ चपलेखाली येतो. गेटजवळच्या वर्गात एक आरसा, सेफ्टी पिनांचा डबा, सुई-दोरा आणि साडी नेसवता येणाऱ्या दोन बाई एवढं ठेवा. नृत्यात भाग घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी त्याच साडीत आणि त्याच चपलेत एकदा तालीम करावी. शिवलेली नऊवारी सगळ्यात बिनघोर.

१०. प्रॉमसारखं जोडीनेच यायचं असतं का? घरी कळलं तर मारतील.

नाही. अमेरिकेतसुद्धा कितीतरी जण मित्रमैत्रिणींच्या घोळक्याने किंवा एकटे जातात. जोडीचं तिकीट, जोडीचा प्रवेश, जोडीचा डान्स यातलं काहीही ठेवू नका. ज्याला जोडी नाही तो कोपऱ्यात बसतो, आणि ज्याला आहे त्याच्या घरी भांडण. नाचायचंच असेल तर लेझीम, गरबा, नाही तर सगळ्यांनी मिळून एक गाणं. ढोलाच्या ठेक्यावर लेझीम सुरू झाली की भिंतीला टेकून उभी असलेली पोरंही आत शिरतात, हे डीजेला जमत नाही.

११. डीजे लावू का? पोलिसांची परवानगी लागते का?

ध्वनिक्षेपक उघड्यावर लावायचा तर परवानगी लागते. मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या लेटरहेडवर, तारीख-वेळ-जागा लिहून अर्ज करा, आणि तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच करा. विश्रामबागच्या शाळेने सांगली शहर ठाण्यात अर्ज नेला तर चार दिवस नुसतेच जातात. आठवडाभर आधी द्या.

ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, आणि ती डीजेची भिंत लावली की पहिल्याच गाण्यात ओलांडते. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या दवाखाना-शाळा-न्यायालयाच्या परिसरात आणखी कडक. मिरजेत तर दर दोन गल्ल्यांआड दवाखाना आहे. म्हणून दोन साधे बॉक्स आणि एक चांगला माइक पुरेत. बॉक्स मोठे असून माइक फुटका असला की फिशपाँडची मजाच जाते.

१२. सिनेमातली गाणी वाजवायला लायसन्स लागतं म्हणे?

शाळेचा कार्यक्रम असेल, सादर करणारे शिक्षक-विद्यार्थी असतील आणि समोर शाळेची मुलं, शिक्षक, पालक एवढेच असतील तर नाही. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) ५२ व्या कलमात शाळांना ही सूट आहे. ती कार्यक्रमाच्या स्वरूपाला आहे, मुलांच्या वयाला नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं, किंवा शाळेचा संबंध न ठेवता मुलांनी हॉटेलात पार्टी केली, तर ती सूट धरून चालू नका. कार्यक्रमाचा व्हिडिओ नेटवर टाकला आणि गाण्यामुळे आवाज बंद झाला, तर तो वेगळा विषय. त्या सुटीचा तिथे उपयोग नाही.

१३. फिशपाँड ठेवावेत का? मागच्या वर्षी एक मुलगी रडून निघून गेली.

ठेवावेत, पण गाळून. शेलापागोट्यांशिवाय निरोप समारंभ म्हणजे नुसती भाषणं. मात्र सगळ्यात जास्त जखमाही तिथेच होतात. पेटी वर्गात फिरते, चिठ्ठीवर नाव नसतं, आणि दोन वर्षांचा राग त्या चिठ्ठीत उतरतो.

पेटी कार्यक्रमाच्या चार दिवस आधी बंद करा. दोन शिक्षक, त्यात एक बाई असाव्यात, आणि नववीतली दोन मुलं सगळ्या चिठ्ठ्या वाचतील. रंग, उंची, जाडी, तोतरेपणा, जात, वडिलांचा धंदा, मार्क आणि कुणाबरोबर कुणाचं नाव जोडणं, हे ज्या चिठ्ठीत दिसेल ती फाडायची, लपवून ठेवायची नाही. सांगली भागात आडनावावरून जात कळते, त्यामुळे आडनावावरचा विनोद दोनदा वाचा. मग ज्याच्यावर तो फिशपाँड आहे त्याच्या जिवलग मित्राला विचारा, "त्याला हे आवडेल का?" मित्र खरं सांगतो.

सवय चालते, स्वभावही चालतो. "पहिल्या तासाची घंटा आणि याचा डबा संपायची वेळ एकच." किंवा "हिचं अक्षर इतकं सुंदर की काय लिहिलंय हे वाचायचं राहूनच जातं." हे ऐकून ज्याच्यावर आहे तोच आधी हसतो.

दहावीतल्या प्रत्येकाच्या नावाने एक तरी निघाला पाहिजे. पंधरा-वीस लोकप्रिय पोरांवर पाच-पाच आणि उरलेल्यांवर एकही नाही, असं झालं तर न निघालेल्यांना ते जास्त लागतं. गप्प बसणाऱ्या मुलांसाठी नववीने स्वतः लिहावेत, त्यासाठी त्यांच्या वर्गात दोन दिवस बसावं लागलं तरी चालेल. शिक्षकांवरचे फिशपाँड त्या शिक्षकांना विचारूनच. गणिताच्या सरांना बहुतेक वेळा चालतात.

१४. पाहुणे कुणाला बोलवावं? संस्थेचे लोक म्हणतात नेत्यांना बोलवा.

नेते दोनचे येतात चारला, आणि आपली साडेपाचची गाडी चुकते. बोलवायचंच असेल तर सेंडऑफला नको, गॅदरिंगला बोलवा. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर शाळेने राजकीय पाहुण्याच्या वाटेला जाऊच नये.

सगळ्यात चांगला पाहुणा म्हणजे त्याच शाळेतून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला कुणी तरी. आयटीआय करून नोकरीला लागलेला, नर्सिंगला गेलेली, वालचंदला इंजिनिअरिंग करणारा, कुणीही. तो बोर्डाच्या पेपरला आपल्याला काय झालं होतं ते सांगतो आणि पोरं कान देऊन ऐकतात.

प्रास्ताविक पाच मिनिटं, पाहुणे पंधरा, मुख्याध्यापक दहा. दहावीतल्या चार-पाच जणांची मनोगतं प्रत्येकी तीन मिनिटं, त्यात एक तरी असा घ्या ज्याला कधी स्टेज मिळालं नाही. सूत्रसंचालकाने चारोळ्या कमी म्हणाव्यात, ही हात जोडून विनंती.

१५. किंग-क्वीन निवडू का?

नको. ती मतं दिसण्याला आणि पैशाला पडतात. "आदर्श विद्यार्थी" हाही पुरस्कार सेंडऑफला देऊ नका, तो १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला द्या. त्याऐवजी प्रत्येकाला एकेका ओळीचा किताब द्या: "वर्गाची डिक्शनरी", "पंखा चालू करणारा", "सगळ्यांची पाण्याची बाटली". तपासणी प्रश्न १३ सारखीच.

१६. सजावट, फोटो, रील?

सजावटीला झेंडू, रांगोळी, ओढण्या, जुने वर्गफोटो. थर्माकोलची अक्षरं नकोत, बंदच आहेत. बंद सभागृहात फटाके, कोल्ड पायरो, धुराची नळकांडी काहीही नको, पडदे कापडी असतात.

फोटो एकानेच काढावेत, शाळेने ठरवलेल्या. बाहेरचा फोटोग्राफर असेल तर फोटो शाळेला देऊन त्याने स्वतःच्या पानावर टाकायचे नाहीत, हे आधी लिहून घ्या. मुली साडीत नाचत असतानाचे व्हिडिओ अनोळखी पानांवर फिरतात आणि मग घरी शाळा बंद करायची भाषा सुरू होते. मुलं १८ च्या आतली आहेत, पालकांना विचारल्याशिवाय रील नाही. मोबाइल वर्गशिक्षकांकडे जमा, शेवटच्या अर्ध्या तासात परत. तेवढ्यात सेल्फी होतात.

१७. आमची पोरं बुलेट-स्कूटीची रॅली काढणार आहेत, थांबवायचं कसं?

कायदा वाचून दाखवा, पालकांच्या ग्रुपवर. लायसन्स १८ ला मिळतं. १६ ला मिळतं ते फक्त बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, म्हणजे सध्याच्या बहुतेक स्कूटी त्यातही बसत नाहीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलांना दंडाचं काही वाटत नाही, या शेवटच्याने मात्र गप्प होतात. वीस-बावीसच्या वयात नोकरीसाठी गाडी लागते, हे त्यांनाही कळतं.

१८. १७ नंबर फॉर्मवाल्या आणि रिपीटर मुलांना बोलवायचं का?

हो. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी बसणारी मुलं तुमच्या शाळेमार्फत परीक्षा देत असतील तर ती त्या वर्षीची तुमचीच. त्यांना निरोप पोचत नाही, कारण ती वर्गाच्या ग्रुपवर नसतात. शाळेच्या कारकुनाकडून यादी घ्या आणि फोन करा. रिपीटरला विचारून ठरवा, काहींना यायचं असतं, काहींना धाकट्यांसमोर बसायचं नसतं. वर्षाच्या मधेच दाखला काढून गेलेल्यांनाही एक फोन करायला काय हरकत आहे?

१९. शाळेने सेंडऑफच रद्द केला. आम्ही वर्गणी काढून हॉटेलात करू का?

करू शकता, पण मग ती शाळेची गोष्ट राहत नाही. शाळेचं नाव, लोगो फ्लेक्सवर घालू नका. किमान चार-पाच पालक पूर्ण वेळ तिथे हवेत, बुकिंग पालकाच्या नावाने हवं, आणि ज्या हॉटेलात परमिट रूम आहे ते नको. महाराष्ट्रात २१ च्या आत बिअरसुद्धा बेकायदा आहे, कडक दारूला २५. गाण्यांसाठी प्रश्न १२ मधला शेवटचा भाग वाचा.

त्याआधी एकदा मुख्याध्यापकांना भेटून बघा. शाळा रद्द करते ती बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या मारामारीमुळे किंवा अंडी-रंग फेकल्यामुळे. "दुपारी दोन तास, शाळेत, डीजे नाही, मोबाइल जमा" असं लेखी घेऊन गेलात तर मॅडमचं मन वळतं. पालक-शिक्षक संघाच्या दोघांना बरोबर न्या.

२०. शाळेला भेट काय द्यावी?

भिंतीवरचं घड्याळ सोडून काहीही. प्रत्येक शाळेत बॅचची नावं घातलेली घड्याळं आहेत आणि निम्मी बंद आहेत. शिपाईमामांना विचारा काय कमी आहे. ते सांगतात: नळाची तोटी, पंखा, प्रयोगशाळेतलं काचसामान, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. वाचनालयाला द्यायचं तर या वर्षीची तुमचीच पाठ्यपुस्तकं आणि गाइडं परीक्षेनंतर आणून द्या, पुढच्या वर्षी कुणाला तरी लागतात.

२१. हॉल तिकीट सेंडऑफलाच वाटतात का? फी राहिली तर देत नाहीत म्हणे.

काही शाळा वाटतात, सोय म्हणून. तिकीट बोर्डाकडून ऑनलाइन येतं, शाळेने ते छापून सही-शिक्का करून द्यायचं असतं आणि छपाईचे वेगळे पैसे घ्यायचे नसतात. फीचा विषय असेल तर शाळेने तो पालकांशी आधी बोलावा, स्टेजवर नव्हे. आणि तिकीट फुलाबरोबर हातात देऊ नका. गर्दीत हरवतं, द्रोणाखाली भिजतं. वर्गात, घरी जाताना, सही घेऊन द्या.

२२. हिशोब आणि उरलेले पैसे?

कार्यक्रमाच्या आठ दिवसांत पावत्यांसह हिशोब नववीच्या सूचना फलकावर लावा, एक प्रत कार्यालयात. खर्च जास्त झाला असेल तर तेही लिहा. उरले तर परत वाटत बसू नका, दहा-दहा रुपये वाटण्यात आठवडा जातो. पुढच्या वर्षीच्या सेंडऑफच्या नावाने शाळेत पावती करून ठेवा. ती पावती कोणत्या शिक्षकाकडे आहे हे आठवीच्या मॉनिटरला माहीत असू द्या, पुढच्या दिवाळीनंतर फोन त्याचाच येणार आहे.